खनिज

खनिज म्हणजे भूवैज्ञानिक प्रक्रियांतून निसर्गतः तयार झालेला, ठरावीक रासायनिक संघटन आणि अणूंची सुव्यवस्थित अंतर्रचना असलेला, बहुधा अकार्बनी व घनरूप पदार्थ होय. गारगोटी (क्वार्ट्झ), अभ्रक, सैंधव, गंधक, हिंगूळ आणि हिरा ही खनिजांची परिचित उदाहरणे आहेत. पृथ्वीचे कवच ज्या खडकांचे बनले आहे ते खडक खनिजांचे बनलेले असतात आणि मातीचा मोठा भागही खनिजांच्या झिजेतून व बदलातून तयार होतो. आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेने मान्यता दिलेल्या खनिज जातींची संख्या ६,००० च्या पुढे गेली आहे. तथापि कवचाचा बहुतांश भाग फेल्स्पार, क्वार्ट्झ, पायरोक्सिन, अँफिबोल, अभ्रक आणि मृद्-खनिजे अशा मोजक्या गटांनीच व्यापलेला आहे. खनिजांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास खनिजविज्ञान म्हणतात.

‘खनिज’ हा शब्द विज्ञानात, कायद्यात आणि आहारशास्त्रात निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. आहारशास्त्रात कॅल्शियम, लोह, जस्त यांसारख्या शरीराला आवश्यक मूलद्रव्यांना खनिजे म्हणतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः वैज्ञानिक अर्थाचा विचार केला असून कायद्यातील अर्थ स्वतंत्र विभागात दिला आहे.

शब्द व पारंपरिक नावे

संस्कृतमधील ‘खनि’ (खाण) आणि ‘ज’ (जन्मलेले) यांपासून ‘खनिज’ हा शब्द बनला आहे. शब्दशः अर्थ ‘खाणीत जन्मलेले’ असा असला, तरी प्रत्येक खनिज खाणीतूनच मिळते असे नाही. समुद्रकिनाऱ्यावरील काळ्या वाळूतील इल्मेनाइट, खाऱ्या सरोवराच्या काठी साचणारे क्षार आणि हिमनदीतील बर्फ हीसुद्धा खनिजेच आहेत.

मराठीत अनेक खनिजांना रंगारी, वैद्य, सोनार आणि घरगुती वापराच्या परंपरेतून आलेली नावे आहेत. सैंधव म्हणजे हॅलाइट, हिंगूळ म्हणजे सिनाबार, हरताळ म्हणजे ऑर्पिमेंट, मनशीळ म्हणजे रिअल्गार, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सोरा म्हणजे नायटर आणि शंखजिरे म्हणजे टाल्क. गेरूचा तांबडा रंग त्यातील हेमॅटाइटमुळे येतो. आधुनिक नावे बहुधा ‘आइट’ या प्रत्ययाने संपतात. ती शोधकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ, प्रथम आढळाच्या स्थळावरून, रासायनिक घटकांवरून अथवा एखाद्या गुणधर्मावरून दिली जातात. गोएथाइट हे नाव जर्मन कवी गोएथे यांच्यावरून, तर कॅव्हन्साइट हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून पडले.

व्याख्या व तिच्या सीमा

एखाद्या पदार्थास खनिज म्हणण्यासाठी सामान्यतः पुढील अटी लावल्या जातात.

१) तो निसर्गतः तयार झालेला असावा. कारखान्यात बनवलेला कृत्रिम माणिक रासायनिक दृष्ट्या आणि संरचनेने खऱ्या माणकासारखाच असतो, परंतु त्याची गणना खनिजांत होत नाही.

२) तो भूवैज्ञानिक प्रक्रियेतून आलेला असावा. मोती व पोवळे हे प्राण्यांच्या शरीरक्रियेतून तयार होतात. त्यांतील कॅल्शियम कार्बोनेट हे ॲरॅगोनाइट किंवा कॅल्साइट या स्वरूपात असले, तरी मोती हे स्वतंत्र खनिज नव्हे.

३) तो सामान्यतः घनरूप असावा. पारा हा या अटीस प्रसिद्ध अपवाद आहे; नैसर्गिक द्रवरूप पारा जुन्या प्रघातानुसार खनिज मानला जातो. बर्फ हे खनिज आहे, पाणी नाही.

४) त्याच्यातील अणूंची मांडणी नियमित, म्हणजे स्फटिकी असावी. ज्वालामुखीय काच (ऑब्सिडियन) निसर्गतः बनते. मात्र तिच्यात अशी मांडणी नसल्याने ती खनिज ठरत नाही. ओपलसारख्या काही अस्फटिकी वा अर्धस्फटिकी पदार्थांना खनिजसदृश असे म्हणतात.

५) त्याचे रासायनिक संघटन ठरावीक असावे किंवा ठरावीक मर्यादेतच बदलणारे असावे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि अंबर यांना एकच निश्चित संघटन व संरचना नसल्याने ती वैज्ञानिक अर्थाने खनिजे नाहीत. जरी व्यवहारात व अर्थशास्त्रात कोळशाची व तेलाची गणना ‘खनिज संपत्ती’त केली जाते.

‘अकार्बनी’ ही अट पूर्वी काटेकोरपणे पाळली जात असे. आता भूवैज्ञानिक परिस्थितीत बनलेल्या काही कार्बनी संयुगांनाही खनिज म्हणून मान्यता आहे आणि त्यांच्यासाठी वर्गीकरणात स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला आहे.

खनिज, खडक आणि धातुक

खडक हा एक किंवा अधिक खनिजांचा नैसर्गिक समुच्चय असतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक ही खनिजे नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरोक्सिन आणि लोहाची ऑक्साइडे असतात. मात्र त्यांचे कण इतके बारीक असतात की ते पाहण्यासाठी खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. संगमरवर हा जवळजवळ एकट्या कॅल्साइटचा खडक आहे.

ज्या खनिजसमुच्चयातून एखादा धातू किफायतशीरपणे काढता येतो त्यास धातुक म्हणतात. धातुक ही आर्थिक संकल्पना आहे. धातूचा भाव किंवा शुद्धीकरणाचे तंत्र बदलले की कालचा टाकाऊ दगड आज धातुक ठरू शकतो. बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे प्रमुख धातुक असले तरी ते एक खनिज नसून गिब्साइट, बोहेमाइट आणि डायस्पोर या खनिजांचे मिश्रण आहे.

खनिजांची ओळख

प्रयोगशाळेबाहेर खनिज ओळखण्यासाठी त्याचे भौतिक गुणधर्म तपासतात. एकाच गुणधर्मावरून निष्कर्ष काढणे सहसा धोक्याचे असते.

रंग व कस: रंग हा सर्वांत आधी लक्षात येणारा आणि सर्वांत फसवा गुणधर्म आहे. शुद्ध क्वार्ट्झ रंगहीन असते. किंचित लोह व नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे तेच जांभळे होते व त्यास ॲमेथिस्ट म्हणतात. त्यापेक्षा कस, म्हणजे बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासले असता उमटणाऱ्या रेघेचा रंग, अधिक भरवशाचा असतो. हेमॅटाइट काळपट दिसले तरी त्याचा कस तांबडा, मॅग्नेटाइटचा काळा आणि गोएथाइटचा पिवळसर तपकिरी असतो. सोन्याचा कस सोनेरी असतो, तर सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइटचा हिरवट काळा.

कठिनता: ओरखडा सहन करण्याच्या क्षमतेस कठिनता म्हणतात. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची चढती श्रेणी तयार केली: १. टाल्क, २. जिप्सम, ३. कॅल्साइट, ४. फ्लुओराइट, ५. ॲपेटाइट, ६. ऑर्थोक्लेज, ७. क्वार्ट्झ, ८. पुष्कराज (टोपॅझ), ९. कुरुविंद, १०. हिरा. बोटाच्या नखाची कठिनता सुमारे २.५ आणि खिडकीच्या काचेची सुमारे ५.५ धरतात. हे आकडे फक्त क्रम दाखवतात. कुरुविंद व हिरा यांच्या क्रमांकांत एकाचेच अंतर असले, तरी हिरा कुरुविंदापेक्षा प्रत्यक्षात कित्येक पटींनी कठीण आहे.

पाटन व भंजन: संरचनेतील दुर्बल प्रतलांना अनुसरून सपाट पृष्ठभागांवर फुटण्याच्या प्रवृत्तीस पाटन म्हणतात. अभ्रकाचे एकाच दिशेने पातळ पापुद्रे निघतात, हॅलाइटचे घन आणि कॅल्साइटचे तिरकस चौकटीसारखे तुकडे होतात. क्वार्ट्झला पाटन नसते. ते काचेप्रमाणे शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठभागांनी फुटते.

विशिष्ट गुरुत्व: क्वार्ट्झचे २.६५, बराइटचे सुमारे ४.५, गॅलेनाचे सुमारे ७.५ आणि शुद्ध सोन्याचे १९.३ आहे. पांढऱ्या, दगडासारख्या दिसणाऱ्या खनिजांमध्ये बराइट हातात घेताच त्याच्या वजनामुळे वेगळे जाणवते.

इतर गुणधर्म: चमक, पारदर्शकता, चुंबकत्व, चव, प्रतिदीप्ती यांचाही उपयोग होतो. विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यावर कॅल्साइट जोराने फसफसते. डोलोमाइट मात्र चूर्ण केल्यावरच स्पष्ट फसफसते. पारदर्शक कॅल्साइटमधून पाहिल्यास अक्षरे दुहेरी दिसतात. हे दुहेरी प्रणमन रास्मुस बार्तोलिन यांनी १६६९ मध्ये वर्णन केले.

निश्चित ओळखीसाठी क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने केलेले रासायनिक विश्लेषण या पद्धती वापरतात.

स्फटिकसंरचना

स्फटिकांचे बाह्य आकार त्यांच्यातील अणूंच्या मांडणीचे प्रतिबिंब असतात. एकाच खनिजाच्या लहानमोठ्या स्फटिकांतील संगत पृष्ठांमधील कोन सारखेच राहतात, हे निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये दाखवून दिले. सममितीनुसार स्फटिकांचे सात समुदाय मानतात: घनीय, चतुष्कोणीय, समचतुर्भुजी, षट्कोणी, त्रिकोणीय, एकनताक्ष आणि त्रिनताक्ष. त्यांचे पुढे ३२ वर्ग आणि अणुमांडणीच्या पातळीवर २३० अवकाशगट होतात.

एकाच रासायनिक पदार्थाच्या निरनिराळ्या संरचना असू शकतात. या आविष्कारास बहुरूपता म्हणतात. हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे आहेत. पहिले ज्ञात सर्वांत कठीण नैसर्गिक द्रव्यांपैकी एक, तर दुसरे कागदावर झिजण्याइतके मऊ. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तिन्हींचे संघटन एकच आहे; पण त्यांपैकी कोणते तयार होईल हे दाब व तापमान यांवर ठरते. त्यामुळे रूपांतरित खडकात यांपैकी कोणते खनिज आहे हे पाहून तो खडक कोणत्या परिस्थितीतून गेला याचा अंदाज बांधता येतो.

याउलट सारख्या संरचनेत एका मूलद्रव्याची जागा दुसरे घेऊ शकते. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियम व लोह कोणत्याही प्रमाणात एकमेकांची जागा घेतात. मॅग्नेशियम अधिक असल्यास फोर्स्टेराइट आणि लोह अधिक असल्यास फायालाइट असे नाव देतात. अशा श्रेणींत सीमा साधारणपणे निम्म्यावर आखली जाते. ही सीमा निसर्गात आखलेली नसते, ती नामकरणाच्या सोयीसाठी ठरवलेली असते.

जात आणि प्रकार

संघटन आणि संरचना यांनी ठरणारे मूलभूत एकक म्हणजे खनिजाची ‘जात’. रंग, पोत किंवा सवय यांतील फरकांना ‘प्रकार’ म्हणतात. ॲमेथिस्ट, अकीक आणि सूर्यकांत (जॅस्पर) ही क्वार्ट्झचीच रूपे आहेत.

नवरत्नांकडे या दृष्टीने पाहिल्यास पारंपरिक आणि वैज्ञानिक वर्गीकरणांतील भेद स्पष्ट होतो. माणिक व नीलम ही एकाच कुरुविंदाची रूपे आहेत: क्रोमियममुळे तांबडा रंग आल्यास माणिक, लोह व टायटॅनियममुळे निळा रंग आल्यास नीलम. भारतीय बाजारात पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नीलम विकला जातो, तेव्हा नऊपैकी तीन रत्ने एकाच खनिजाची ठरतात. खनिजविज्ञानातील पुष्कराज (टोपॅझ) हे मात्र निराळे सिलिकेट आहे. पाचू हा बेरिलचा, गोमेद हा गार्नेटचा आणि लसण्या हा क्रिसोबेरिलचा प्रकार आहे. हिरा हे मूलद्रव्य आहे, तर मोती व पोवळे खनिजांत बसतच नाहीत.

रंगावरून केलेल्या ओळखीची मोठी चूक म्हणजे स्पिनेल. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे प्रत्यक्षात माणिक नसून तांबडे स्पिनेल आहे. स्पिनेल आणि माणिक ही भिन्न खनिजे आहेत हे रोमे द लिल यांनी १७८३ मध्ये स्पष्ट केले.

वर्गीकरणाचा इतिहास

ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टस यांचा दगडांविषयीचा ग्रंथ हा या विषयावरील सर्वांत जुन्या उपलब्ध लेखनांपैकी एक आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात खाणींच्या अध्यक्षाची कर्तव्ये आणि धातुकांची लक्षणे दिली आहेत, तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेवर प्रकरणे आहेत. अल्-बिरूनी यांनी रत्ने व धातू यांची विशिष्ट गुरुत्वे मोजून त्यांतील भेद सांगितले.

भारतीय रसशास्त्रातील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात पदार्थांची विभागणी महारस, उपरस, साधारणरस, रत्ने आणि लोह अशी केली आहे. महारसांत अभ्रक, माक्षिक, सस्यक आदी आठ आणि उपरसांत गंधक, गैरिक, कासीस, हरताळ, मनःशिला आदी आठ द्रव्ये येतात. ही विभागणी पाऱ्याच्या संस्कारांतील उपयुक्ततेवर आधारलेली आहे. म्हणूनच साधारणरसांत हिंगुळाच्या शेजारी कवडी (कपर्द) आणि वनस्पतिजन्य कंपिल्लकही दिसतात. तिला आजच्या अर्थाने खनिजांचे वर्गीकरण म्हणता येत नाही. ती औषधनिर्मितीची वर्गवारी आहे आणि त्या कामासाठी सुसंगत आहे.

युरोपात गेओर्ग अग्रिकोला यांनी १५४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंग, चमक, कठिनता अशा गुणधर्मांवरून खनिजांचे पद्धतशीर वर्णन केले. कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर खनिजांचेही ‘राज्य’ मांडले. परंतु सजीवांसाठी योजलेली चौकट खनिजांना नीट लागू पडली नाही, कारण खनिजांत वंशपरंपरा नसते. आब्राहाम वेर्नर यांनी १७७४ मध्ये बाह्य लक्षणांची काटेकोर परिभाषा तयार केली आणि रने-झ्युस्त आऊई यांनी १८०१ मध्ये स्फटिकरचनेला मध्यवर्ती स्थान दिले.

रासायनिक वर्गीकरणाचा पाया योन्स याकॉब बर्झीलियस यांनी घातला. खनिजातील धातूपेक्षा त्यातील ऋण घटक (ऋणायन) हा वर्गीकरणाचा आधार असावा, हा विचार त्यांच्यामुळे रुजला. यामागील कारण व्यवहारातही पडताळता येते. सिडेराइट (लोहाचे कार्बोनेट) गुणधर्मांनी पायराइट (लोहाचे सल्फाइड) किंवा हेमॅटाइट (लोहाचे ऑक्साइड) यांच्यापेक्षा कॅल्साइटशी (कॅल्शियमचे कार्बोनेट) अधिक जुळते. समान ऋणायन असलेली खनिजे बहुधा सारख्या परिस्थितीत तयार होतात आणि एकत्र आढळतात.

अमेरिकेतील जेम्स ड्वाइट डेना यांचा ग्रंथ १८३७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याच्या १८५४ च्या चौथ्या आवृत्तीत रासायनिक पद्धती स्वीकारण्यात आली. माक्स फोन लाउए यांनी १९१२ मध्ये स्फटिकांतून क्ष-किरणांचे विवर्तन दाखवले आणि ब्रॅग पितापुत्रांनी पुढील वर्षी त्यावरून अणूंची मांडणी उलगडण्यास सुरुवात केली. त्यानंतर रासायनिक संघटन व संरचना या दोहोंची सांगड घालणे शक्य झाले. ह्यूगो स्ट्रुंत्स यांनी १९४१ मध्ये तशी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांची २००१ ची नववी आवृत्ती अर्नेस्ट निकेल यांच्यासह तयार झाली.

रासायनिक वर्ग

निकेल–स्ट्रुंत्स पद्धतीत पुढील दहा वर्ग आहेत.

१) मूलद्रव्ये: सोने, चांदी, तांबे, गंधक, हिरा, ग्रॅफाइट.
२) सल्फाइडे व गंधलवणे: गॅलेना (शिसे), स्फॅलेराइट (जस्त), चाल्कोपायराइट (तांबे), सिनाबार (पारा), पायराइट.
३) हॅलाइडे: हॅलाइट, फ्लुओराइट.
४) ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे: हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, क्रोमाइट, इल्मेनाइट, कुरुविंद, गिब्साइट.
५) कार्बोनेटे व नायट्रेटे: कॅल्साइट, डोलोमाइट, मॅलॅकाइट, नायटर.
६) बोरेटे: बोरॅक्स.
७) सल्फेटे, क्रोमेटे, मॉलिब्डेटे व टंगस्टेटे: जिप्सम, बराइट.
८) फॉस्फेटे, आर्सेनेटे व व्हॅनेडेटे: ॲपेटाइट, मोनाझाइट.
९) सिलिकेटे.
१०) कार्बनी संयुगे.

डेना पद्धतीतील वर्गांची संख्या यापेक्षा अधिक आहे. दोन्ही पद्धतींत काही खनिजांच्या स्थानाबद्दल मतभेद आहेत. क्वार्ट्झ हे रासायनिक दृष्ट्या सिलिकॉनचे ऑक्साइड असल्याने स्ट्रुंत्स पद्धतीत ते चौथ्या वर्गात येते. संरचनेने ते फेल्स्पारांसारखे असल्याने डेना पद्धतीत ते सिलिकेटांमध्ये ठेवले आहे.

सिलिकेटे

कवचाच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ४६ टक्के आणि सिलिकॉन सुमारे २८ टक्के असल्यामुळे कवचाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सिलिकेटांचा आहे. त्यांचे मूळ एकक म्हणजे मध्ये सिलिकॉनचा एक अणू आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू असलेले चतुष्फलक. ही चतुष्फलके एकमेकांशी ऑक्सिजनद्वारे कशी जोडली जातात यावरून सिलिकेटांचे सहा उपवर्ग होतात.

सुटी चतुष्फलके: ऑलिव्हिन, गार्नेट, झिरकॉन. ही खनिजे तुलनेने घट्ट व जड असतात.
जोड्या: एपिडोट, हेमिमॉर्फाइट.
वलये: बेरिल, तोरमल्ली (टूर्मलीन).
साखळ्या: एकेरी साखळ्यांत पायरोक्सिने, दुहेरी साखळ्यांत अँफिबोले.
थर: अभ्रके, टाल्क, केओलिनाइट व इतर मृद्-खनिजे. थरांमधील बंध दुर्बल असल्याने अभ्रकाचे पापुद्रे सुटतात आणि टाल्क बोटांना बुळबुळीत लागते.
त्रिमितीय जाळी: क्वार्ट्झ, फेल्स्पारे, झिओलाइटे. येथे प्रत्येक चतुष्फलकाचे चारही कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले असतात.

झिओलाइटांच्या जाळीत मोकळे मार्ग असतात आणि त्यांत पाणी व सहज बदलले जाणारे आयन सामावलेले असतात. ही खनिजे तापवली असता पाणी सोडून फुगतात, म्हणून आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांना हे नाव दिले. पाणी मृदू करणे, वायू वेगळे करणे आणि खनिज तेलाचे शुद्धीकरण यांसाठी आज मुख्यतः कृत्रिम झिओलाइटे वापरतात.

नव्या खनिजांना मान्यता

आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. नव्या खनिजाचे संघटन, संरचना, गुणधर्म आणि आढळस्थळ यांचा तपशील तिच्या आयोगापुढे मांडावा लागतो. मतदानानंतरच नाव अधिकृत होते.

नैसर्गिक नमुना मिळाल्याशिवाय नाव देता येत नाही, या नियमाचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या प्रावरणाच्या खालच्या भागात हेच खनिज विपुल असून संपूर्ण पृथ्वीत त्याचेच प्रमाण सर्वाधिक असावे असे मानले जाते. परंतु ते त्या खोलीवरून अखंड स्थितीत वर येत नाही. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीत ते सापडल्यावर २०१४ मध्ये त्यास नाव मिळाले.

जुनी नावे रद्दही होतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुइस ली फर्मोर यांनी मध्य भारतातील मँगॅनीज साठ्यांचा सविस्तर अभ्यास १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथील खनिजास त्यांनी सीतापाराइट असे नाव दिले होते. पुढे ते आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट असल्याचे सिद्ध झाल्याने हे नाव मागे पडले. झाबुआ जिल्ह्यातील काजळीडोंगरी येथील हॉलंडाइट हे त्यांचेच नाव मात्र टिकून आहे.

संघटन व संरचना यांवर आधारलेल्या वर्गीकरणात खनिज कसे व केव्हा बनले याची नोंद होत नाही, अशी टीका अलीकडे झाली आहे. अशनीतील, ज्वालामुखीतील आणि सजीवांच्या क्रियेने बनलेले खनिज एकाच नावाने ओळखले जाते. रॉबर्ट हेझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्पत्तीनुसार ‘उत्क्रांतिविषयक’ वर्गवारी सुचवली असून ती मान्य पद्धतीला पूरक मानली जाते.

आरोग्याशी संबंध

खनिजाची नेमकी ओळख हा केवळ संग्राहकांच्या आवडीचा विषय नाही. ‘ॲस्बेस्टॉस’ हे एका खनिजाचे नाव नसून सहा तंतुमय सिलिकेटांसाठी वापरली जाणारी व्यापारी संज्ञा आहे. त्यांपैकी क्रिसोटाइल हे सर्पेंटाइन गटातील, तर उरलेली पाच अँफिबोल गटातील आहेत. त्याच संघटनाचे पण तंतुमय नसलेले खनिज ॲस्बेस्टॉस ठरत नाही. येथे रासायनिक संघटनाइतकाच कणाचा आकार महत्त्वाचा ठरतो. बहुतेक झिओलाइटे निरुपद्रवी असली, तरी एरिओनाइट हे तंतुमय झिओलाइट तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही गावांत फुप्फुसावरणाच्या कर्करोगास कारणीभूत ठरले आहे.

क्वार्ट्झचा तुकडा हाताळण्यात धोका नसतो. त्याची श्वासाबरोबर आत जाणारी सूक्ष्म धूळ मात्र सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार निर्माण करते. दगड फोडणारे, खाणीत छिद्रे पाडणारे आणि खंबायत येथील अकीक घासणारे कारागीर यांच्यात हा विकार आढळला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा स्फटिकी सिलिकाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात केला. अस्फटिकी सिलिकाचा समावेश त्या गटात नाही.

कायद्यातील वर्गीकरण

भारतात खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार खनिजांचे मुख्य व गौण असे दोन भाग पडतात. इमारतीचा दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू, तसेच केंद्र शासन अधिसूचनेने जाहीर करील ती खनिजे ‘गौण खनिजे’ होत. त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये खनिजांवरील शासनाच्या हक्काची तरतूद आहे.

‘गौण’ हा शब्द महत्त्वाचे मोजमाप नाही. नदीतील वाळू वैज्ञानिक दृष्ट्या खनिजच नव्हे, तर खनिजे व खडक यांच्या कणांचा संचय आहे. पण तिच्या उपशाचे परिणाम नदीपात्र, भूजल आणि पूल यांवर होतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ५ हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली.

कायदेशीर वर्ग धोरणानुसार बदलतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक, बराइट, जिप्सम यांसह ३१ खनिजे गौण म्हणून जाहीर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांपैकी क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक आणि बराइट ही पुन्हा मुख्य खनिजांत घेण्यात आली. पहिली तीन खनिजे ज्या पेग्मटाइट खडकांत मिळतात, त्यांतच लिथियम, बेरिलियम, टँटॅलम अशी मूलद्रव्ये असू शकतात, हे त्यामागील एक कारण होते. त्याआधी जून २०२३ मध्ये केंद्र शासनाने ३० ‘अतिमहत्त्वाच्या’ खनिजांची यादी जाहीर केली होती. तिच्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल यांसारखी मूलद्रव्येही खनिज म्हणूनच नोंदलेली आहेत.

महाराष्ट्र व गोव्यातील खनिजे

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा प्रवाहांतून बनलेल्या दख्खन ट्रॅपमधील वायूंच्या पोकळ्या नंतरच्या उष्ण द्रावणांतील खनिजांनी भरल्या. पुणे, नाशिक, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील दगडखाणींत आणि विहिरींच्या खोदाईत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट ही झिओलाइटे, तसेच ॲपोफिलाइट, ओकेनाइट, प्रेह्नाइट आणि अकीक मिळतात. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणीतील निळे कॅव्हन्साइट आणि त्याचेच बहुरूप पेंटागोनाइट जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. ही दोन्ही खनिजे १९७३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगनमधील नमुन्यांवरून प्रथम वर्णिली गेली होती. अशा खनिजांचा मोठा संग्रह सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात आहे. लोणार येथे अशनीच्या आघाताने काचेत रूपांतर झालेले प्लॅजिओक्लेज, म्हणजे मॅस्केलिनाइट, आढळले आहे.

विदर्भातील खडक बरेच प्राचीन आहेत. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत ब्राउनाइट, पायरोल्यूसाइट ही मँगॅनीज खनिजे, भंडाऱ्यात कायनाइट व सिलिमनाइट आणि गडचिरोलीत सुरजागड येथे हेमॅटाइट मिळते. मँगॅनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकास फर्मोर यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांत जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइट आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त वाळू आहे. गोव्यातील लोह धातुक मुख्यतः हेमॅटाइट व गोएथाइट यांचे आहे. तेथील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

हे सुद्धा पाहा

खडक
खनिजविज्ञान
स्फटिक
मोस कठिनता श्रेणी
झिओलाइट
दख्खन ट्रॅप
गौण खनिज